दोर मी सोडला

कुणी गोष्ट सांगायला लागलं की मला स्वस्थ बसवत नाही. हा माझा नोकरीतला आजार. निवृत्त झाल्यावर जाईल असं सगळे म्हणत होते, गेला नाही. परवा आमचे हे बाजारातून आले आणि दारातूनच सुरू झाले, "अगं, काय झालं माहितीये, तो ट्रक असा आडवा झाला की..." मी म्हटलं, "कुठला ट्रक? कुठं? कधी? आधी स्थळ सांगा, काळ सांगा, मग घटना." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "स्थळ माणगावचा नाका, काळ सकाळचा, आणि पात्राला आता चहा हवाय." ट्रकचं पुढं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

मी मराठी शिकवायचे. श्रीवर्धनच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे, त्याच्या वरच्या चढणीवर आमची शाळा. माझं माहेर माणगावकडच्या बौद्धवाडीतलं. वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं आणि मी शिक्षिका झाले तेव्हा वाडीत पेढे वाटले. समुद्र मी तोवर फक्त शाळेच्या सहलीत पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून, कारण बाईंनी उतरू दिलं नव्हतं. आणि नोकरी मिळाली ती अशी, की फळ्याकडं तोंड केलं तर पाठीमागं समुद्र आणि मुलांकडं केलं तर त्यांच्या डोक्यावरून समुद्र.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, नोकरीतल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, लिहितेही. पण एक गोष्ट गमतीची नाही आणि लिहायला बसलं की मी फिरून फिरून तिच्याच दाराशी येते. चार ओळी लिहिते, उठते, अंगणात एक चक्कर मारते, परत बसते. माझ्या पायाला आधीच भिंगरी. वर्गातही मी खुर्चीवर कधी टेकले नाही. मुलं म्हणायची, बाईंची खुर्ची नवीच्या नवी रिटायर होणार.

मराठी शिकवणं म्हणजे कविता चालीत म्हणून दाखवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर निम्मं काम गोष्टी उघडण्याचं असतं. बोटीचं इंजिन उघडतात तशी गोष्ट उघडायची आणि भाग सुटे करून मांडायचे. ती घडते कुठं आणि कधी, ते स्थळकाळ. ज्यांच्या बाबतीत घडते ती पात्रं. एकामागून एक काय घडतं आणि का घडतं, ते कथानक. पात्राला जे हवं असतं त्याच्या आड जे येतं, तो संघर्ष. आणि हे सगळं आपण ज्याच्या तोंडून ऐकतो तो निवेदक. भाग ओळखता आले की मुलांनी ते पुन्हा जोडून स्वतःची गोष्ट करायची. जोडताना एखादा भाग हमखास हातात उरायचा, आणि तो बहुतेक वेळा संघर्ष असायचा. "या कथेतला संघर्ष कोणता?" विचारलं की उत्तर यायचं, "बाई, त्यांच्यात भांडण झालंच न्हाय."

अलंकारांचं दुखणं वेगळं. उपमा शिकवायला घेतली की दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "बाई, कांदा घालून का?" आणि वर्ग खिदळायचा. मीही हसायचे, कारण नाही हसलं तर तास फुकट जातो. चेतनगुणोक्तीला तर या किनाऱ्यावर मी हातच टेकले. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन केलं की तो अलंकार, एवढंच शिकवायचं असतं. चाचणीत मी वाक्य दिलं, 'दर्या रागावला आणि त्यानं होड्या फेकून दिल्या.' अलंकार ओळखा. कोळीवाड्यातल्या एका मुलीनं लिहिलं, 'अलंकार नाही. असे होते.' मी तिला बोलावून घेतलं. म्हटलं, अगं, पाण्याला राग येतो का? ती माझ्याकडं बघत राहिली. माणगावची बाई, हिला काय सांगायचं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी अर्धा गुण दिला आणि तो कशाबद्दल हे तिनंही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निबंधात आत्मवृत्त असतं, म्हणजे एखादी वस्तू 'मी' म्हणून बोलते. फाटक्या पुस्तकाचं, पडक्या किल्ल्याचं आत्मवृत्त वाचून मला उबग आला होता. एका वर्षी एका मुलानं लिहिलं, 'मी कंटेनर बोलतोय.' त्याचा भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. त्यातलं एक वाक्य माझं पाठ आहे: 'माझ्या पोटात काय भरले आहे ते मला कोणी सांगत नाही, पण वजन मलाच लागते.' निवेदकाला सगळंच माहीत असतं असं नाही, हे मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत होते, ते त्या पोरानं एका वाक्यात बसवलं. मी ते वाक्य स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. गणिताचे सर म्हणाले, "छान. पण तो भागाकारात नापास आहे."

हे सगळं लिहून झालं, आता ती गोष्ट.

दहावीच्या त्या वर्गात हर्षाली होती. दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी. हुशार मुलगी, पण हुशारीपेक्षा मला तिची चिकाटी आवडायची. शब्द पकडला की सोडायची नाही. निवेदक शिकवल्यावर तिनं विचारलं होतं, "बाई, निवेदक खोटं सांगत असला तर?" मी म्हटलं, तर त्याच्याच शब्दांत कुठंतरी फट असते, वाचकानं ती शोधायची. तिनं मान हलवली आणि ते डोक्यात ठेवलं. तिचे वडील धर्मानाखवा. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, पण आमच्या बंदरातले बहुतेक नाखवे स्वतःच बोट घेऊन जातात. धर्मानाखवा उंच, कमी बोलणारा, पालकसभेला दाराशी उभा राहून परत जाणारा माणूस.

दसरा झाल्यावर आभाळ अचानक फिरलं. बोटी आत यायच्या त्या दिवशी वारा एवढा सुटला की वर्गाच्या खिडक्या आम्ही बाकं लावून धरल्या. एकेक बोट खाडीत शिरली, धर्मानाखव्याची तेवढी आली नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. त्यातला एक खलाशी नव्हता. मंगेश.

मंगेश पारूबाईचा एकुलता मुलगा. पारूबाई विधवा. मासळी विकायला टोपली घेऊन चढण चढून शिक्षकांच्या घरांपर्यंत यायची आणि माझ्याशी भाव करताना म्हणायची, "मास्तरीणबाई, तुमचा हिशोब पुस्तकातला, माझा पाटीतला." तिला बंदरावर आणलं तेव्हा मी तिथंच होते. शाळा सोडून दिली होती, आमची निम्मी मुलं धक्क्यावर होती. पारूबाईनं नाखव्याला विचारलं, "माझा मंगेश कुठं हाय?"

नाखवा म्हणाला, "दोर मी सोडला."

बस. एवढंच. नंतर पोलीस आले, नातेवाईक आले, समाजाची माणसं बसली, शोधाच्या बोटी जाऊन आल्या. मंगेश सापडला नाही आणि धर्मानाखव्यानं त्या तीन शब्दांच्या पुढं एक शब्द काढला नाही. बाकीच्या खलाशांनी सांगितलं ते इतकंच: जाळं बोटीखालच्या पंख्यात अडकलं, इंजिन बंद पडलं, मंगेश कमरेला दोर बांधून सुरा घेऊन पाण्यात उतरला. दोराचं दुसरं टोक नाखव्याच्या हातात. ते पुढं पाणी उपसत होते, मागं काय झालं ते त्यांना दिसलं नाही, वाऱ्यात ऐकूही आलं नाही.

आता बघा, आपल्या भाषेत सोडणं कसं आहे. विहिरीत पोहरा सोडतो, तेव्हा दोर हातात असतो आणि आपण तो थोडा थोडा खाली जाऊ देतो. आणि हातातली वस्तू सोडतो, तेव्हा ती गेली. शब्द एकच. कोळीवाड्यात या शब्दावरून दोन तट पडले. अर्धे म्हणायचे, नाखवा दोर सोडत होता, पोराला खाली उतरवत होता, पुढं दर्यानं नेला त्याला कोण काय करणार. उरलेले म्हणायचे, जड झाल्यावर हातचा सोडला, बोट वाचवायला पोर टाकलं. पारूबाई काहीच म्हणत नव्हती. ती नाखव्याच्या घरावरून जाताना तोंड फिरवून जायची, आणि तिचं घर तर चार दारं सोडून.

माझा यात काय संबंध? काहीच नाही, मी रोज स्वतःला हेच सांगत होते. पण श्लेष अभ्यासक्रमात होता. एकाच शब्दाचे दोन अर्थ निघतात आणि त्यातून चमत्कृती साधते, तो श्लेष अलंकार. मी तो धडा पुढं ढकलला, आणखी ढकलला. सराव परीक्षा तोंडावर आली आणि ढकलायला जागा उरली नाही.

म्हटलं, हलकंफुलकं शिकवून मोकळं व्हावं. माझं ठरलेलं उदाहरण होतं: 'खाडीत रोज भरती होते, पण आमच्या दादाची भरती काही होत नाही.' पाण्याची भरती आणि पोलिसात, सैन्यात होते ती भरती. मुलं हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून मलाही बरं वाटलं. मी पुढं विचारलं, "चला, आता तुम्ही सांगा एकेक." कुणी 'कर' सांगितला, हात आणि सरकारचा कर. कुणी 'पान' सांगितलं. मग मागच्या बाकावरून रुपेश उठला. रुपेश मंगेशचा चुलतभाऊ. उनाड मुलगा नव्हता तो, उलट त्या वाऱ्यापावसानंतर एकदम गप्प झाला होता. खालमानेनं म्हणाला, "बाई, 'दोर सोडला' चालंल का?"

समुद्राचा आवाज एरवी आम्हाला ऐकू येत नाही, सवयीचा झालेला असतो. त्या दिवशी तो ऐकू आला. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि मी खडू या हातातून त्या हातात करत राहिले. इतकी वर्षं बोलायचाच पगार घेतला होता.

हर्षाली उठली. रुपेशकडं न बघता, माझ्याकडं बघत म्हणाली, "चालेल की. पण बाई, श्लेषात एकच अर्थ खरा असं नसतं ना? दोन्ही खरे असतात. तुम्हीच सांगितलंय."

मी म्हटलं, "हो."

ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्याही नाही. त्या आठवड्यात आलीच नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझ्या घरचे सांगतील. भाजी दोनदा करपली. तपासायला घेतलेला गठ्ठा तसाच उघडा पडून राहिला. मनात सारखं एकच: मी या पोरीच्या हातात अवजार दिलं. शब्द उघडायला शिकवलं, फट शोधायला शिकवलं, आणि ती आता घरी बसून आपल्या बापाचं वाक्य उघडतेय. धड्यातलं वाक्य उघडलं तर गुण मिळतात. घरातलं उघडलं तर काय मिळतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापकांना म्हटलं, मी तिच्या घरी जाते. ते म्हणाले, "बाई, आपण अलंकार शिकवायचे. उगाच विंचवाच्या बिळात हात कशाला घालता?" त्यांचं चुकत नव्हतं. शाळा गावाच्या पैशावर आणि गावाच्या मर्जीवर चालते. मी शाळा सुटल्यावर निघाले.

कोळीवाड्यात शिरतानाच मोकळ्या जागेत बोंबील वाळत घातलेले होते, आडव्या बांबूंवर ओळीनं टांगलेले. तिथं पारूबाई काम करत होती. मला बघून हात थांबवले.

"मास्तरीणबाई, कुनीकडं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हर्षालीकडं. पोरगी शाळेत येत नाही."

मग हात पदराला पुसत म्हणाली, "मी बी येते."

"तुम्ही?"

"मी येकली गेले तर त्यो आत जाऊन बसतो. तुमच्यासंगं आले तर त्याला दार लावता यायचं न्हाय."

मी मुलीला शाळेत आणायला निघाले होते आणि आता माझ्यामागून मंगेशची आई चालत होती. नको म्हणायची हिंमत नव्हती, आणि नको का म्हणायचं हेही सुचत नव्हतं. दारोदारच्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या.

धर्मानाखवा पडवीत बसून जाळं दुरुस्त करत होता. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, हातात सुई. आम्हा दोघींना बघून सुई थांबली. तो उठला, आत जायला वळला, पण मी अंगणात उभी होते आणि शिक्षिका दारात आल्यावर पाठ फिरवणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. पुन्हा खाली बसला. हर्षाली आतून आली. चेहरा उतरलेला, केस विंचरलेले नाहीत. मला म्हणाली, "बाई, बसा." मी काही बसले नाही. पारूबाई पायरीवर बसली, नाखव्याकडं पाठ करून.

मी आपली मास्तरीण. सुरू केलं, परीक्षा जवळ आलीय, हजेरी लागते, सराव बुडतो. माझं मलाच ते ऐकवेना.

हर्षाली म्हणाली, "बाई, मला वाचताच येत नाही. पुस्तक उघडलं की तेच वाक्य दिसतं. आणि बाबा ताट वाढतो ना, तेव्हा मला त्याचा हात बघवत नाही." हे ती वडिलांच्या समोर म्हणाली. नाखव्यानं मान वर केली नाही. "बाबा जन्मात कधी 'मी' म्हणाला नाही, बाई. मासळी मिळाली तरी 'आमी', जाळं फाटलं तरी 'आमी'. बोटीवरचा नाखवा 'आमी'च म्हणतो. मग तेवढ्याच वाक्यात 'मी' का म्हणाला?"

फट तिनं बरोबर शोधली होती. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्या अभिमानाची शिसारी आली. दोन्ही वाटलं, खोटं कशाला लिहू.

मग ती वडिलांसमोर जाऊन जमिनीवर बसली. "बाबा. खाली सोडलास का हातचा सोडलास?"

पारूबाईची पाठ ताठ झाली. नाखवा जाळ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, हा आता उठून जाणार आणि आयुष्यभर बोलणार नाही, आणि ही पोरगी आयुष्यभर त्याचा हात टाळत राहणार. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"दोनी," तो म्हणाला.

मग तो हळूहळू बोलायला लागला, मधे मधे थांबत.

"त्यो उतरला तवा मीच सोडत गेलो. थोडा थोडा. पंख्याखाली गेला, जाळं कापलं त्यानं. कापलं म्हनून तर इंजिन चालू झालं, आमी घरी आलो ते त्याच्यामुळं. पन त्यो वर यायच्या आधी लाट आली. बोट उचलली नि त्याच्याच अंगावर बसाया लागली. दोर ताठ झाला. मी वडला तर त्यो बोटीखालीच येत व्हता." जाळं त्याच्या मुठीत गोळा झालं होतं. "मंग मी सोडला. हातचा. बाजूला जाईल म्हनून. गेला बी बाजूला. दिसला मला. मंग न्हाय दिसला. लई फिरलो आमी. न्हाय दिसला."

हर्षाली रडत होती, आवाज न करता.

पारूबाई तशीच पाठमोरी. तिनं विचारलं, "हाक मारली त्यानं?"

नाखवा मुठीतलं जाळं उलगडायला लागला.

"धर्मा, मी इचारते. हाक मारली का माझ्या पोरानं?"

"मारली."

"काय म्हनला?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोलला ते हातांतूनच, आम्हाला जेमतेम ऐकू आलं. "'नाखवा, सोड!' म्हनला."

आणि मग ते बाहेर पडलं, जे त्यानं इतके दिवस दाबून ठेवलं होतं. "ढिला सोड म्हनला का हातचा सोड म्हनला, त्ये मला न्हाय कळलं गो. इचाराया येळ न्हवता. मी हातचा सोडला. आता रोज त्येच ऐकतो. ढिला सोड म्हनला आसंल तर? आजून चार हात दोर दिला आसता तर वाचला आसता." श्वास घेतला. "नि लोकास्नी काय सांगू? त्यानंच सांगितलं म्हनून सोडला? त्या पोराच्या डोक्यावर माझं वझं ठेवू? म्हनून म्हनलो, मी सोडला. मीच सोडलाय."

माझी अर्धी हयात श्लेष शिकवण्यात गेली. ज्याला अर्थ विचारावा तो माणूसच गेलेला असेल तर त्या शब्दाचं काय करायचं, हे मला सांगता येईना. हर्षालीनं माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी समजावेन या आशेनं, आणि मी मान हलवली, मला नाही माहीत म्हणून. आयुष्यात विद्यार्थ्याला दिलेलं ते माझं सगळ्यात खरं उत्तर असेल.

पारूबाई वळली. धक्क्यावरच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच तिनं नाखव्याच्या तोंडाकडं बघितलं. आरडाओरडा नाही, शिव्याशाप नाही. बाजाराच्या वाटेनं चालताना बोलावं तशी बोलली.

"ल्हान व्हता तवापास्नं तसाच त्यो. गर्दीत हात धरला का 'सोड, सोड' करायचा. मी कवा सोडला न्हाय."

नाखव्याचे हात तोंडावरून खाली आले. त्या वाक्यात दोष होता की आठवण होती, क्षमा होती की शाप होता, मी अजून ठरवू शकलेले नाही. आणि आता मला ते ठरवायचंही नाही.

पारूबाई उठायला लागली. गुडघे धरले असावेत, पायरीवर हात टेकून अर्धवट उठली आणि तशीच वाकून राहिली. हर्षाली डोळे पुसत धावली, तिनं पारूबाईचा दंड धरला आणि तिला उभं केलं. अंगणातून दोघी गल्लीत उतरल्या. बायका दारांत उभ्याच होत्या.

"सोड गो," पारूबाई म्हणाली, "मी जाईन."

हर्षालीनं सोडला नाही.